मनकर्णाच्या नावचा दाखला

पेन्शनवाला बुढा घराले जड नसते, असं तिवशात म्हणतात. किराणावाला त्याला उधार देतो, सून पहिला चहा त्याला देते आणि एक तारखेला नातवंडंसुद्धा न सांगता पाया पडतात. खुशालरावांना सून नव्हती, नातवंडं अकोल्याला लेकीच्या घरी होती, पण पेन्शन होती. चौतीस वर्षं त्यांनी बांधकाम खात्याच्या गँगमध्ये अमरावती-नागपूर रस्त्यावर काम केलं होतं. घमेल्यानं गिट्टी वाहिली, झारीनं डांबर सोडलं. पोटरीवर डांबर सांडून भाजल्याचा काळा चट्टा, कामातून गेलेले दोन गुडघे आणि दर महिन्याला खात्यात पडणारी पेन्शन, एवढी त्या रस्त्याची कमाई. तेव्हा बँक आपल्याला घरासाठी कर्ज देईल, यात त्यांना काडीची शंका नव्हती.

शंका होती ती त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईला. सरकारी कागदातून काही चांगलं निघालेलं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घर म्हणजे तिवशाच्या टोकाला टिनाच्या दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण आणि एक कढीपत्त्याचं झाड. त्यात ती सव्वीस वर्षं भाड्यानं राहत होती. त्याआधीची अकरा वर्षं गँगच्या शेडीत गेली. काम पुढं सरकलं की शेड उपटायची, चूल फोडायची, आणि चार मैलांवर नवी चूल घालायची. ट्रक गेला की भांडी वाजायची. म्हणून हे घर मिळालं तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी अंगणात कढीपत्ता लावला. झाड लावलेल्या जागेवरून माणसाला कोणी उठवत नाही, अशी तिची भाबडी समजूत होती.

दिवाळीत घरमालक कुलदीप नागपूरहून आला आणि बाजेवर बसून म्हणाला, "काकू, घर विकून राहिलो मी. पहिला हक्क तुमचा. गुढीपाडव्यालोक थांबतो. मंग मात्र दुसरं गिऱ्हाईक तयार हाय."

त्या दिवसापासून मनकर्णाबाईला दुसरं काही सुचेना. ते घर तिला हवं होतं. दुसरं, बरं, मोठं, असलं काही नको. हेच हवं होतं.

नोव्हेंबरात कपाशीची वेचणी जोरात होती. एक दिवसाची मजुरी बुडवून ती खुशालरावांबरोबर बँकेत गेली. बोंडांची टोकं लागून बोटं फुटली होती, ती पदरात लपवून काचेच्या टेबलासमोर बसली. टेबलापलीकडे प्रियदर्शनी मॅडम. लेकीपेक्षा लहान असेल, पण बोलायला गोड.

"काका, तुमचं वय सहासष्ट. पंच्याहत्तरीच्या आत कर्ज फिटायला हवं. मुलगा आहे का, सहकर्जदार म्हणून?"

"नाई जी. पोरगी हाय, अकोल्याले देल्ली."

"बरं, मग काकूंना घेऊ. तुमच्यानंतर पेन्शन त्यांनाच मिळणार. शिवाय त्या तुमच्याहून बऱ्याच लहान आहेत, ते चांगलंच."

मनकर्णाबाई जरा सरळ बसली. आपलं लहान असणं कुठं उपयोगी पडेल हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनं पेन्शनचा कागद आणि आधार कार्ड शेजारी ठेवलं, आणि तिचं बोट थांबलं.

"नाव तेच आहे, पण जन्मसाल जुळत नाही. पेन्शनच्या कागदावर काकूंचं त्रेसष्ट आहे, आधारवर एकोणसत्तर. अमरावतीला तुमच्या ऑफिसातून एवढी दुरुस्ती करून आणा. किरकोळ काम आहे. बाकी तुमचं सगळं नीट आहे, काका."

बाहेर पायरीवर बसून खुशालरावांनी तंबाखू मळली. बायकोकडे न पाहता म्हणाले, "लिवनाऱ्याची चूक असन."

चूक नव्हती, हे दोघांना ठाऊक होतं. ते साल पहिल्या मनकर्णाचं होतं.

खुशालरावांची पहिली बायको धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातली. पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली आणि बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत खुशालरावांनी दुसरं लग्न केलं. दुसरी होती जाई, अचलपूरकडची, एकोणीस वर्षांची. तिला आई नव्हती आणि बाप दारूत बुडालेला, म्हणून बिजवराला दिली. त्या लग्नाला पहिलीची आई आपल्या पायानं आली. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीतच आहे. तो टाक म्हातारीनं स्वतः जाईच्या गळ्यात बांधला. मग म्हणाली, "पोरीचं नाव बदलाचंच हाय, त मनकर्णाच ठेवा. माही लेक परत आली समजीन मी." खुशालरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं. ते नाव लिहायची त्यांच्या बोटाला सवय होतीच.

अशी जाईची मनकर्णा झाली. रेशन कार्डावर मनकर्णा होती, ती तशीच राहिली. सर्व्हिस बुकात मनकर्णा होती, तीही राहिली. नाव तेच आणि माणूस दुसरं, पण सरकारला काय त्याचं! बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बाप पुढच्याच वर्षी गेला आणि जाईचं माहेर संपलं. पण मनकर्णाचं माहेर तिला आयतं मिळालं. पहिलीचा भाऊ नत्थुजी तिला "मने" म्हणून हाक मारू लागला. लेकीचं, रागिणीच्या वेळचं बाळंतपण त्याच घरात, त्याच खोलीत झालं. सदतीस वर्षांत एक भाऊबीज चुकली नाही. मनकर्णाबाईला कधी वाटलंच नाही की हे उसनं आहे.

डिसेंबरात दोघं अमरावतीला गेले. खात्याच्या ऑफिसात एका फाईलींच्या ढिगामागं चष्म्यातला कारकून बसला होता. त्यानं सर्व्हिस बुक शोधायला दोन चकरा मारायला लावल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्या मानानं लवकरच म्हणायचं. तिसऱ्या चकरेला पान उघडून त्यानं बोटांवर हिशेब केला.

"बाबा, सर्व्हिस बुकात तुमचं लग्न त्र्याऐंशीचं. आधारवर बाईचा जन्म एकोणसत्तरचा. म्हंजे चौदा वर्षाच्या पोरीशी लग्न केलं काय तुमी?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. खुशालराव टोपी हातात घेऊन नुसते उभे. शेवटी मनकर्णाबाईच बोलली.

"मी दुसरी होय, सायेब."

"पहिली कुठी हाय?"

"मेली."

"नाव काय तिचं?"

"मनकर्णा."

"आन् तुमचं?"

"मनकर्णा."

कारकुनानं चष्मा काढला. तो माणूस वाईट नव्हता, खुर्ची दाखवून म्हणाला, "बसा माय. हे पाहा, कागदावर पहिली अजून जित्ती हाय. ती जित्ती असताना तुमी दुसऱ्या, मंग तुमाले पेन्शनचा हक्क नाई. हक्क नाई त बँक कायले दारात उभी करन? पहिलीचा मृत्यूचा दाखला आना. मी दुरुस्ती करून देतो. आन् दोन मनकर्णा मले कागदावर चालनार नाई. तुमचं माहेरचं नाव काय?"

तिला क्षणभर आठवावं लागलं. "जाई," ती म्हणाली. स्वतःच्याच तोंडचं नाव तिला परक्याचं वाटलं.

परतीच्या एसटीत तिला खिडकीशी जागा मिळाली. दोन्हीकडे तुरीचं रान पिवळं झालं होतं. मोझरीच्या पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "तिची तारीख ध्यानात हाय तुमच्या?"

"कोनती?"

"गेल्याची."

"नागपंचमीचा दुसरा दिवस," खुशालराव लगेच म्हणाले.

रागिणी कोणत्या महिन्यातली, हे त्यांना दर वर्षी विचारून घ्यावं लागे. मनकर्णाबाई खिडकीबाहेर पाहत राहिली. सदतीस वर्षांनी सवतीचा मत्सर करावा, हे काही वय नव्हतं. पण वाटायचं ते वाटलंच.

संक्रांत झाल्यावर ते धामणगाव रेल्वेला उतरून नत्थुजींच्या गावी गेले. आधी ग्रामपंचायत. ग्रामसेवकानं सत्त्याऐंशी सालची जन्ममृत्यूची वही धुळीतून काढली, पानं चाळली आणि म्हणाला, "या नावाची नोंद नाही. नोंद आढळत नाही असं लिहून देतो. तो कागद घेऊन तहसीलीत अर्ज करा. तिथं तिच्या माहेरच्या जवळच्या माणसाचा जबाब लागेल. भाऊ आहे ना? त्यानं उभं राहून सांगितलं की काम झालं."

नत्थुजी खळ्यात तूर झोडपत होते. सत्तरीला टेकलेला उंच, वाळका माणूस. अंगावर बंडी, डोक्याला दुपट्टा, भुवयांवर तुरीचा भुसा. तिला पाहून हातातली काठी टाकून ते पुढं आले.

"मने! काहून अचानक? ना फोन, ना काई. पारबते, पाह्य वं, कोन आली!"

पार्वताबाई वहिनीनं पाणी दिलं, तिळगूळ दिला. मनकर्णाबाईच्या तोंडून विषय निघेना. घास गिळावा तसा ती तो गिळत होती. मग खुशालरावांनी डांबर ओतावं तसं सगळं एकदम ओतलं.

"भाऊ, घराच्या कर्जासाठी मनकर्णा मेल्याचा दाखला पाह्यजे."

नत्थुजी हसले. "कोनती मनकर्णा? हे त बसली तिळगूळ खात."

"पहिली."

हसू ओठावरच वाळलं. त्यांनी दुपट्टा सोडला, तोंड पुसलं, परत बांधला.

"तिची नोंद मायनं करू देल्ली नाई," ते म्हणाले. "कोतवाल वही घेऊन दारात आला व्हता. माय म्हने, माह्या लेकीले कागदावर मारू नोका. मंग हे आली. माय म्हने, पाहा, मी म्हनलं नोतं? जवाईबुवा, मायनं दिवस केले नाई तिचे. आमी कोनी सुतक पाळलं नाई. आन् आता मी सायबापुढं उभा राहू, आन् सांगू का माही बहीन मेली?"

"कागदापुरतं, दादा," मनकर्णाबाई म्हणाली.

"कागदापुरतं कसं वं? तुह्या हातून मायनं शेवटचं पानी घेतलं. मने म्हनत म्हनत गेली ते. तेबी कागदापुरतंच व्हतं काय?"

म्हातारीच्या तोंडात पाणी घालतानाचं ते ओलं, दात नसलेलं तोंड तिला आठवलं आणि रडू आलं. पण रडता रडता तिला रागही आला. मेलेलीचं सगळ्यांना होतं. जी वेचणी करून बोटं फोडून घेते, जिला पाडव्यानंतर चूल कुठं मांडायची ते माहीत नाही, तिचं कोणाला होतं?

"दादा," ती म्हणाली, "मी आजलोक तुमाले काई मांगतलं नाई. मले घर पाह्यजे."

नत्थुजींनी काठी उचलली आणि पुन्हा तूर झोडपायला लागले. शेंगा तडातड उडत होत्या. पार्वताबाईनं मुकाट्यानं तिची ओटी भरली आणि फाटकापर्यंत सोडायला आली.

फेब्रुवारीत कपाशीचं फरदड, म्हणजे मागचा बहरही संपत आला. शेवटच्या बोंडांत कापूस कमी आणि किडकी कवडी जास्त. मनकर्णाबाई सकाळी कमरेला कापसाची ओटी बांधून जायची, दुपारी पाठ धरून यायची. खुशालराव एका बगीच्यात संत्र्याच्या झाडांना बांबूचे टेके लावायला जात. गुडघे वाकत नसत, म्हणून बसूनच सरकत. घरात दोघं कामापुरतं बोलत. खुशालराव आता तिला नावानं हाक मारत नव्हते. "अवं" म्हणत, किंवा नुसतं खाकरत.

एका दुपारी कुलदीपचं गिऱ्हाईक घर पाहायला आलं. पांढऱ्या शर्टातला माणूस, वरूडकडचा, संत्र्याच्या व्यापारात पैसा केलेला. त्यानं भिंतीला चपलेनं टोचून पाहिलं. मग खिशातून टेप काढला, तिच्याकडे वळून म्हणाला, "काकू, जरा हे टोक धरा बरं."

तिनं धरलं. स्वयंपाकाच्या खोलीची लांबी, मग रुंदी, मग अंगण. तो आकडे लिहून घेत होता आणि ती टोक धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होती. कढीपत्त्याशी टेप अडला तेव्हा तो म्हणाला, "हे निंघन म्हना. इथं गाडी लागन." तो गेल्यावर तिनं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि चुलीपुढं बसून पोटभर रडली.

त्याच आठवड्यात पार्वताबाईचा फोन आला. "मने, सोमवारी धामणगावच्या तहसीलीत या. हे येऊन राहिले. मी म्हनलं याईले, मेलेल्या बहिनीपायी जित्त्या बहिनीले रस्त्यावर काढता काय? दोन दिवस जेवले नाई. मंग म्हने, ठीक हाय."

सोमवारी नत्थुजी धुतलेला सदरा घालून तहसीलीच्या लिंबाखाली उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. आत जबाब घेणारा कारकून तरुण होता. समोरच्या कॉम्प्युटरवर एकेक रकाना भरत होता.

"मृताचं नाव?"

"मनकर्णा."

"तुमचं नातं?"

"सख्खा भाऊ."

"मृत्यूची तारीख?"

"सत्त्याऐंशीची नागपंचमी. तिचा दुसरा दिवस." कारकुनानं मोबाईलवर तारीख शोधली.

"कारण?"

नत्थुजी एकदम सांगू लागले, कोणी न विचारलेलंसुद्धा. "बाळंतपन अडलं. दाई म्हने धामणगावले न्या. म्या बैलबंडी जुतली. नाल्याले पूर व्हता. बैल पान्यात पाय टाकेना. म्या खूब मारले जी बैलं, वळ उठेलोक मारले. तिकडे ते म्हने, दादा, नोको मारू बैलाले. आपुन थांबू. आमी थांबलो. तथीच बंडीत गेली. पानी उतरलं तवा सकाळ झालती."

"आणि बाळ?"

"थे बी."

कारकुनाची बोटं थांबली होती. खुशालरावांनी टोपी तोंडावर धरली आणि त्यांच्या घशातून असा हुंदका आला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. ते त्या वेळी रस्त्याच्या कामावर होते. निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला, येईपर्यंत सगळं आटोपलेलं. ही बंडीची गोष्ट त्यांनी आज पहिल्यांदा ऐकली. मनकर्णाबाईनं पण. दादा, नोको मारू बैलाले. ती बाई अशी बोलणारी होती तर. इतकी वर्षं तिचं नाव वापरलं, तिचा टाक गळ्यात घातला, तिच्या भावाला ओवाळलं. आणि ती कशी होती हे कधी विचारलं नाही. मनकर्णाबाईला आपण चोरी केल्यासारखं वाटलं. नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हात पुढं झाला नाही. हे रडणं तिच्या वाटणीचं नव्हतं.

"इथं सही करा," कारकून हळूच म्हणाला.

नत्थुजींनी सही केली. जाड, तिरकी, एकेक अक्षर थांबून.

सगळे ऑटोनं गावी आले. नत्थुजी घरात शिरले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "पारबते, पानी काढ." हापशाजवळच्या दगडावर ते अंगावरच्या कपड्यांनिशी बसले आणि पार्वताबाईनं त्यांच्या डोक्यावर बादली ओतली. फेब्रुवारीतलं पाणी, म्हातारं अंग, ते थरथरत होते. माणूस गेल्याचं कळलं की करायची ती आंघोळ. शेजारच्या बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, "कोन गेलं वं, पार्वताबाई?"

"मनकर्णा," पार्वताबाई म्हणाली.

बाईनं अंगणात उभ्या असलेल्या मनकर्णाबाईकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

मग पार्वताबाईनं आंघोळ केली. खुशालरावांनी केली. मनकर्णाबाई पुढं झाली तेव्हा पार्वताबाई अवघडून म्हणाली, "तुले कायले? तू... तुही कोन लागे ते?" आणि बादली उपडी केली. त्या दिवशी चूल पेटली नाही. निघताना ओटी भरायचा प्रश्नच नव्हता. सुतकात ओटी भरत नाहीत. सदतीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या घरून रिकाम्या पदरानं निघाली.

पुढची कामं भराभर झाली. दाखला आला. अमरावतीच्या कारकुनानं शब्द पाळला. पेन्शनच्या कागदावर 'जाई ऊर्फ मनकर्णा' असं आलं. प्रियदर्शनी मॅडमनं पेढा दिला. पाडव्याच्या चार दिवस आधी रजिस्ट्री झाली. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात "जाईबाई खुशालराव" असा पुकारा झाला तेव्हा ती बाकावरच बसून राहिली, आणि खुशालरावांनी कोपरानं ढोसलं तेव्हा उठली. वरूडच्या व्यापाऱ्याला दुसरं घर मिळालं.

घरभरणी साधीच केली. वरण, भात, पुरी, आलूवांग्याची भाजी. अकोल्याहून रागिणी आली, जावई आले, गल्लीतल्या बायका आल्या. मनकर्णाबाई सकाळपासून रस्त्याकडे पाहत होती. घरभरणीला भावाचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईचं घर भरत नाही.

बाराच्या एसटीनं नत्थुजी आले, पार्वताबाई आली. तिनं धावत जाऊन पाणी दिलं, पाय धुवायला बादली दिली. नत्थुजी जेवायला बसले, नीट जेवले. भाजी चांगली झाली म्हणाले. मग आहेराची वेळ आली. त्यांनी पिशवीतून टोपी-दुपट्टा काढून खुशालरावांना दिला. मनकर्णाबाई पदर सावरून पुढं बसली. पार्वताबाईनं तिच्या हातात एक खण ठेवला. शेजारपाजारच्या बायकांनी दिला होता तसाच, हळदीकुंकू लावून, वर रुपयाचं नाणं.

पिशवी घडी घालून झाली तरी मनकर्णाबाई तशीच बसून होती. "माय वं, उठ आता," रागिणी कानाशी म्हणाली, तेव्हा ती उठली.

परतीची गाडी तीनची. नत्थुजींनी दारात चपला घातल्या, टिनांकडे, अंगणाकडे, झाडाकडे नजर फिरवली.

"येतो, जाईबाई," ते म्हणाले. "घर चांगलं हाय तुमचं."

सदतीस वर्षांत त्यांनी तिला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली. "मले तुमी नोका म्हनू. रागावले काय माह्यावर?"

"नाई वो. रागावन कायले?" नत्थुजी खरंच रागावलेले नव्हते, त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात जोडले, लेकीच्या गावच्या परक्या बाईला जोडावेत तसे. "पन काय म्हनू मंग? मने त म्या लेहून देल्ली ना, सायबापुढं. सही केली. आता ते नाव तोंडात आलं की मले नालाच दिसते."

पार्वताबाईनं त्यांचा दंड धरला आणि दोघं रस्त्याला लागले. मनकर्णाबाई दोन पावलं त्यांच्यामागं गेली, मग अंगणाच्या कडेला थांबली. तिथपर्यंतच तिची जागा होती.

आतून खुशालराव खाकरले.